फ्रिजातली मल्लिगे

एप्रिल लागला की आमच्या घरातला फ्रिज उघडताना आधी वास येतो, मग दिवा लागतो. वरच्या कप्प्यात, दह्याच्या भांड्याशेजारी, केळीच्या पानात दोऱ्यानं बांधलेली मल्लिगेची पुडी असते. महाराष्ट्रातले पाहुणे विचारतात, तेव्हा आम्ही ‘मोगराच, पण बारीक आणि हट्टी’ असं सांगतो. शारदा, म्हणजे माझी बायको, संध्याकाळी कोपऱ्यावरच्या फूलवालीकडून ती मोजून घेते. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक मोळ. फूलवालीचा हात आखूड आहे अशी शारदाची जुनी तक्रार आहे, पण म्हणून तिनं दुसरी फूलवाली कधी केली नाही. अर्धी माळ देवांना, अर्धी तिला. जी उरते ती फ्रिजात, आणि मग दोन दिवस आमच्या ताकाला, चटणीला, कापून ठेवलेल्या कलिंगडालाही लग्नघराचा वास येतो.

या वासानं लोकांना देऊळ आठवतं, तारुण्य आठवतं, कोणाला आपली आई आठवते. मला माझे साडू आठवतात. आणि त्यांचा हेवा वाटतो. या वर्षीही वाटला. मोसम परत आला, हेवाही वेळेवर आला.

साडू हे नातं तुलना करण्यासाठीच निर्माण झालं असावं. एकाच घरातून दोन मुली दोघांनी नेल्या, की सासरच्या मंडळींना आयुष्यभराची करमणूक मिळते. माझे सासरे सरकारी नोकर. कधी के. आर. नगर, कधी बेट्टदपुर, कधी एच. डी. कोटे, अशा बदल्या होत. थोरली उमाअक्का वसंतरावांना दिली. ते इंजिनियर, आधी पुण्याला गेले, तिथून स्वित्झर्लंडला. धाकटी शारदा मला. मी कॉलेजात इतिहास शिकवला, आणि म्हैसूरच्या सरस्वतीपुरमहून कॉलेजपर्यंत सायकलनं जाऊन रोज परत आलो. दोघांच्या प्रवासांची तुलना सासूबाई मोठ्यानं कधी करत नसत. फक्त वसंतरावांनी पाठवलेलं चॉकलेट मला देताना म्हणत, “घ्या रामराव, तुम्हीही खा.”

त्या ‘ही’मधली गोडी चॉकलेटात नव्हती.

निवृत्त झाल्यावर वसंतराव म्हैसूरला परतले, कारण त्यांच्या अम्मांनी अग्रहारातलं घर सोडायला साफ नकार दिला होता. अम्मा सोवळ्यातल्या. त्यांच्या स्वयंपाकघरात लसणाला प्रवेश नव्हता, तिथं वाइनला कुठून मिळणार? वसंतराव परदेशातून हा एक छंद घेऊन आले होते, आणि सत्तरीकडे झुकलेल्या त्या माणसाला स्वतःच्या घरात एक बाटली ठेवायची सोय नव्हती. म्हणून बाटल्या आमच्याकडे आल्या. बाटल्यांमागून सहा लांब दांड्यांचे पेले आले, पांढरा टेबलक्लॉथ आला, आणि शेवटी, काही वर्षांपूर्वी एप्रिलातल्या एका रविवारी दुपारी, स्वतः वसंतराव आले, हातावर घडी घातलेला नॅपकिन टाकून.

आयुष्यभर दसऱ्याच्या गावात राहिल्यामुळे थाटमाट मला लांबून ओळखू येतो. हत्ती दिसण्याच्या बराच आधी बँड ऐकू येतो, तसं. वसंतरावांच्या बाबतीत बँड म्हणजे त्यांचं खाकरणं.

“आज आपल्याकडे एकच द्राक्ष आहे,” ते म्हणाले. “सोव्हिन्यों ब्लां.” शेवटचं अक्षर त्यांनी नाकातून वर नेलं आणि तिथंच सोडून दिलं. “पण मुलूख चार. फ्रान्समधलं लुआर नदीचं खोरं, न्यूझीलंड, आपलं नाशिक, आणि इथलंच, नंदीच्या टेकड्यांचं. जात तीच. माती, हवा, धुकं वेगळं. प्रश्न असा की मुलूख बदलला की काय बदलतं, आणि काय बदलत नाही.”

चारही बाटल्या जुन्या कन्नड वर्तमानपत्रांत गुंडाळलेल्या होत्या, म्हणजे कोणती कुठली ते कळू नये. उमाअक्का सोफ्यावर बसून शेंगा सोलत होत्या. हा कार्यक्रम त्यांनी परदेशात पुष्कळ पाहिला होता, आणि त्यांचं मत त्यांच्या शेंगा सोलण्याच्या वेगावरून कळत होतं. पेले मी सकाळीच फ्रिजात ठेवले होते. बाहेर ऊन असं की गावाबाहेरची टेकडीसुद्धा पांढरट दिसत होती. वसंतरावांनी फोनवर “सगळं थंड हवं” असं सांगितलं होतं, आणि मी आज्ञाधारक यजमान. दोन बाटल्यांच्या मध्ये पेले विसळायला पाणीही फ्रिजातलंच, उघड्या चेंबूतलं, म्हणजे तांब्यातलं.

पहिली वाइन ओतली. वसंतरावांनी पेला तिरपा केला, उजेडात धरला, गोल फिरवला, नाक आत घातलं आणि डोळे मिटले. अक्षता टाकायच्या आधी मांडवात पसरते तशी शांतता खोलीत पसरली.

“रामराव, तुम्हाला काय येतंय?”

“द्राक्षांचा वास.”

“द्राक्षांचा वास हा वास नव्हे.”

“मग द्राक्षं घालतात कशाला?”

“सुम्नं बसा की हो,” शारदा म्हणाली. “भावजी सांगताहेत ते ऐका स्वल्प.”

मी गप्प बसलो. मग विषय मुलूख बदलण्याचा आहे म्हणून मी आमच्या घराण्याची गोष्ट काढली. आमचे मूळपुरुष साताऱ्याकडून फौजेबरोबर तलवार घेऊन इथं आले—

“तलवार कुठली?” शारदा म्हणाली. “घोड्यांच्या चंदीवर देखरेख करायला आले. तुमच्या काकांनीच सांगितलंय.”

शारदानं शाळेत गणित शिकवलं. चूक दिसली की तिचा हात आपोआप तांबड्या पेनाकडे जातो, आणि पेन नसेल तर तोंडानं भागतं. वसंतराव हसले. माझे पूर्वज भर सभेत घोड्यावरून उतरून चंदीच्या पोत्याशेजारी उभे राहिले.

“आता तू सांग, शारदा,” वसंतराव म्हणाले.

शारदानं तोवर वाइन कधी घेतली नव्हती. तिनं काढ्याचा पेला धरावा तसा तो पेला दोन्ही हातांनी धरला. वास घेतला. पुन्हा घेतला. आणि मग अशी बोलली, जशी लग्न झाल्यापासून मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

“बेट्टदपुरचा डोंगर,” ती म्हणाली. “वर देवळापुढचा दगड. उन्हानं भाजलेला. त्याच्यावर अभिषेकाचं पाणी सांडलं की वास येतो बघ अक्का, तो. आणि लिंबाची साल.”

उमाअक्कांच्या शेंगा थांबल्या. “होदा? खरंच?” त्या म्हणाल्या आणि उठून टेबलापाशी आल्या.

कागद फाडला. लुआर.

दुसऱ्या पेल्याला शारदा म्हणाली, गवताचा भारा डोक्यावर घेऊन कोणी अगदी अंगाला घासून पुढं जातं तसं; मागून काहीतरी आंबटगोड फळ, कुर्गात कुंपणावर लागतं ते. न्यूझीलंड. तिसऱ्याला म्हणाली, अर्धा कच्चा पेरू, अजून मीठ लावलेलं नाही, आणि त्याच सुरीनं आधी मिरची चिरलेली आहे. नाशिक. चौथ्याला ती हसलीच. “हे तर चक्कोत. देवनहळ्ळीचं. सोलताना हाताला लागतं ते.” चक्कोत म्हणजे पपनस. नंदीच्या टेकड्या देवनहळ्ळीच्या पलीकडे दिसतात.

“शारदा,” वसंतराव हळूच म्हणाले, “हे नाक इतकी वर्षं कुठं होतं?”

हे नाक इतकी वर्षं माझ्या घरात होतं. त्यानं माझी कॉफी रोज हुंगली होती, आणि मी रोज विचारलं होतं, कशी झालीय? आणि मला रोज उत्तर मिळालं होतं, ठीक आहे. डोंगर नाही, दगड नाही, चक्कोतही नाही. ठीक आहे. आणि हा माणूस एका रविवारी नॅपकिन टाकून येतो, आणि तिचं सगळं बालपण, तिचे सगळे तालुके, त्याच्या चार पेल्यांत उतरतात. माझ्या पोटात जे झालं त्याला वाइनच्या भाषेत ‘आम्लता’ म्हणतात, हे मला त्याच दिवशी कळलं होतं.

पण वसंतरावांचं अजून संपलं नव्हतं. त्यांनी चारही पेल्यांतला तळ पुन्हा हुंगला. पहिला, चौथा, दुसरा, पुन्हा पहिला. त्यांचा चेहरा बदलला. थाट गेला, मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

“फूल आहे,” ते म्हणाले. “चारहींत. सगळ्याच्या खाली, एक पांढरं फूल. दगड वेगळा, गवत वेगळं, पेरू वेगळा, पण हे तेच आहे. ही जातीची सही. इतकी वर्षं पितोय, मला कधी सापडली नव्हती.” मग त्यांनी शारदाकडे पाहिलं. “तुला येतंय?”

शारदानं पेला नाकाशी नेला. क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, “येतंय, भावजी.”

मला काहीच येत नव्हतं. मला द्राक्षं येत होती.

त्या उन्हाळ्याची सगळी आठवण अशीच आहे, नाकांची. संध्याकाळी शारदा मार्केटातून येताना पिशवीभर वास घेऊन येई आणि फोनवर वसंतरावांना सांगे. पिकत आलेला बदामी आंबा. ओली वाळ्याची मुळी. के. आर. नगरहून आलेल्या नव्या तांदळाचं पोतं उघडताना येतो तो पिठाळ वास. “भावजी, हा वास कशात असतो?” असं विचारी, आणि पलीकडून लांबलचक उत्तर येई. मी समोर वर्तमानपत्र वाचत बसलेला असे. पानं उलटत असे, वाचत नसे.

वसंतरावांचा तो प्रश्न मात्र डोक्यातून जाईना. मुलूख बदलला की काय बदलतं आणि काय नाही? आम्ही इथले मराठी लोक त्या प्रयोगातल्या चौथ्या बाटलीसारखेच. कलम कुठून आणलं ते घरात कोणाला नीट ठाऊक नाही, तलवार की चंदी यावरही एकमत नाही. आमच्या मराठीला चक्कोताचा वास येतो. वसंतराव पुण्याला राहून आल्यावर ‘सुम्नं’ म्हणायचे थांबले. ‘गप्प’ म्हणू लागले. नातवंडांना तर आमची मराठी जेमतेम चार भांड्यांची नावं आणि दोन रागावण्याचे शब्द एवढीच येते. खाली एखादं फूल राहतं की नाही? राहत असेल असं वसंतरावांना वाटत होतं, आणि मला इतिहासाच्या पुस्तकांनी संशय घ्यायला शिकवलं होतं. त्यांच्या त्या खात्रीचाही मला हेवा वाटायचा. संशय बाळगायला मेहनत लागते, आणि कौतुक कोणी करत नाही.

मग एका दुपारी मला ताक प्यायचं होतं. धुतलेला ग्लास हाताशी नव्हता म्हणून फ्रिजातला वसंतरावांचा पेला काढला. ते पेले आता तिथंच राहत. गार, कोरडा, रिकामा पेला. सवय लागली होती म्हणा, किंवा चेष्टा म्हणून म्हणा, मी त्यांच्यासारखं नाक आत घातलं आणि डोळे मिटले.

मल्लिगे.

दुसरा पेला काढला. मल्लिगे. चेंबूतलं पाणी हुंगलं. मल्लिगे. शेजारी केळीच्या पानात ती पुडी निवांत बसली होती. लुआरपासून नंदीपर्यंत चार मुलखांत पसरलेली जातीची सही आमच्या कोपऱ्यावरच्या आखूड हाताच्या फूलवालीनं केलेली होती.

मी ताक पेल्यातूनच प्यालो. फार चवदार लागलं.

तोवर वसंतरावांनी बेंगळूरच्या एका क्लबात भाषण ठरवलं होतं. एक द्राक्ष, चार मुलूख, एक फूल. शारदानं शेजारी बसून लोकांसमोर वास ओळखून दाखवायचे, असा बेत. त्याआधीच्या रविवारी आमच्याकडे रंगीत तालीम. मी घाई केली नाही. इतिहासाच्या माणसाला पुरावा लागतो, आणि पुरावा चारचौघांत मांडला तरच त्याचा उपयोग. रविवारी सकाळी मी पेले फ्रिजातून काढून साबणानं धुतले आणि कपाटात ठेवले. पाणी फिल्टरचं भरलं. मग खुर्च्या मांडल्या, अशा की वसंतरावांचा चेहरा मला समोरून दिसावा.

शारदानं कपाटातले पेले पाहिले. चेंबू रिकामा पाहिला. आणि आत गेली.

वाइन ओतली गेली. वसंतरावांनी हुंगलं. दगड आला. दुसऱ्यात गवत आलं, तिसऱ्यात पेरू. ते परत पहिल्यावर गेले, मग चौथ्यावर. कपाळावर आठी आली. नॅपकिन हातावरून घसरला आणि त्यांच्या लक्षात आलं नाही.

“रामराव,” ते म्हणाले, “आज फूल...”

मी तोंड उघडलं. तेवढ्यात शारदा आतून आली. केसांत सबंध मोळभर माळ, देवांचा वाटाही त्यातच. ती माझ्याशेजारच्या तिच्या खुर्चीवर बसली नाही. वसंतरावांच्या बाजूनं वाकली, त्यांच्या पेल्यात थोडी वाइन ओतली, आणि बाटली ठेवायला हवी त्यापेक्षा जास्त वेळ वाकून राहिली.

“आता बघा, भावजी,” ती म्हणाली. “हवा लागली की येतं कधी कधी.”

त्यांनी डोळे मिटले. आठी गेली. “आहे,” ते म्हणाले. “आहे, आहे.”

उमाअक्कांनी मान वर करून बहिणीच्या केसांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पुन्हा शेंगांत बोटं घातली. त्या घरात ही गोष्ट न कळलेला माणूस एकच होता, आणि सगळ्यांत सुखी तोच होता.

ते गेल्यावर मी पेले धुवायला घेतले. शारदा पुसत होती.

“तुला कधीपासून माहीत होतं?”

“पहिल्या दिवसापासून. रोज केसांत माळणारीला मल्लिगे कळत नाही होय?”

“मग बोलली नाहीस?”

“काय बोलायचं? त्यांचं तोंड बघितलं नाही तुम्ही? अम्मांपुढं त्या माणसाला घरात मोठ्यानं शिंकता येत नाही. एक फूल सापडलं तर सापडू दे.”

“माझा पूर्वज मात्र तू चारचौघांत घोड्यावरून खाली उतरवलास.”

“मत्ते? मग काय? तो चंदीवरच होता.”

“त्यांची एवढी मोठी चूक पोटात घालतेस, आणि माझी एवढीशी सोडत नाहीस.”

तिनं पेला उजेडात धरला, डाग राहिलाय का ते पाहायला. “ते पाहुणे आहेत,” ती म्हणाली. “पाहुण्यांची चूक कोण काढतं? तुम्ही काय पाहुणे आहात?” आणि पेला माझ्याकडे परत दिला. डाग राहिला होता.

बेंगळूरला ती गेली नाही. गुडघ्याचं कारण सांगितलं. वसंतराव आणि उमाअक्का गेले. परतल्यावर वसंतराव थेट आमच्याकडे आले आणि दिवाणखान्यात मला म्हणाले की सभा उत्तम झाली, सबंध हॉलला फूल आलं, एका निवृत्त न्यायाधीशांना तर दोन आली. मी अभिनंदन केलं. मोठ्या हॉलात सगळ्यांना एकदम वास येतो, यात मला काही नवल वाटलं नाही. मी पंचवीसेक वर्षं भाषणं ऐकली आहेत.

मग ते पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेले. मी दाराशी होतो. त्यांना दिसत नव्हतो.

“शारदा,” ते खालच्या आवाजात म्हणाले, “तुला म्हणून सांगतो. सगळे आहे म्हणाले. मला मात्र आलं नाही.”

“मोसम संपत आलाय, भावजी,” शारदा म्हणाली. “पुढच्या वर्षी येईल.”

मी आपला दिवाणखान्यात जाऊन बसलो. मला वाटलं होतं, थाट काढून टाकला की या माणसात काही उरणार नाही. उरत होतं. भर सभेनं टाळ्या दिलेल्या गोष्टीला ‘मला आलं नाही’ म्हणणारं नाक उरत होतं. आणि ते सांगायला त्यानं माझीच बायको निवडली होती. थाटमाटाला मी हसू शकतो. याला काय करायचं, ते मला अजून कळलेलं नाही.

नंतर अम्मा गेल्या. वसंतराव आणि उमाअक्का पुन्हा परदेशी, तिथं राहिलेल्या आपल्या मुलीकडे गेले. पेले इथंच राहिले. दोन फुटले, चार आहेत. दरवर्षी एप्रिलात, कधी मुद्दाम कधी सहज, त्यांचा फोन येतो. ते अजून शोधताहेत. लुआरला दोनदा जाऊन आले. दक्षिण आफ्रिकेची, चिलीची बाटली उघडून पाहिली. दगड मिळतो, गवत मिळतं, फूल मिळत नाही. शारदा त्यांना काय काय विचारते, धुकं होतं का, बाटली किती थंड होती. खरं ती अजून सांगत नाही. आमच्या फ्रिजातल्या अर्ध्या मोळभर माळेसाठी एक माणूस जगभर हिंडतो आहे. आणि मला ती दही काढताना नाकाला लागते. हिंडण्यासारखं काही आपल्याला सापडलंच नाही, या विचारानं मला कधी कधी रात्रीचं जेवण जात नाही.

काल फोन आला. शारदानं बराच वेळ बोलून तो माझ्या हातात दिला. मी ताकाचं भांडं काढायला उभा होतो, एका हातात फ्रिजचं दार.

“काय रामराव,” पलीकडून आवाज आला, जरा म्हातारा झालेला. “तुमचं नाक सुधारलं का? काही येतं, की अजून द्राक्षंच?”

वरच्या कप्प्यात केळीचं पान सैल झालं होतं आणि कळ्या आतल्या आत उमलल्या होत्या. वास असा येत होता की शेजारच्या घरीही गेला असेल.

“द्राक्षंच, वसंतराव,” मी म्हणालो.

ते खूप हसले. “तुम्ही सुखी आहात,” म्हणाले, आणि फोन ठेवला.

“द्राक्षं कुठली?” शारदा मागून म्हणाली. “नाक त्या पुडीत घालून उभे होता. आणि ते दार लावा आधी, वास जातो सगळा.”

मी दार लावलं.